‘परवडत नाही तर पाळलं कशाला?’ याला उत्तर

म्हाताऱ्या, आजारी कुत्र्या-मांजरांबद्दलचा एक संदेश कित्येक दिवस हातोहात फिरतो आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय हाच राहतो: “जनावर म्हातारं झालं की दवाखान्याचा खर्च येणारच. तो परवडत नसेल तर पाळायचंच नव्हतं. चांगला उपचार महागच असतो, त्यात काटकसर करणाऱ्याचं प्रेम खोटं. शेवटच्या श्वासापर्यंत लढायचं. पैशांपायी इंजेक्शन देऊन झोपवणं हा खून आहे. आणि डॉक्टरांपुढे पैशांचं रडगाणं गाणाऱ्यांनी जरा लाज बाळगावी.”

लिहिणाऱ्याला मुक्या जिवांची कळकळ असणार, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हे वाचतं कोण? ज्यांना जनावराचं सोयरसुतक नाही ते वाचून सोडून देतात. जिव्हारी लागतं ते ज्याच्या पायाशी तेरा वर्षांचा कुत्रा धापा टाकत पडलाय आणि हातात तपासण्यांची यादी आहे त्याला. असा माणूस लाजेपोटी दवाखान्यात जायचं चार दिवस पुढे ढकलतो आणि ते चार दिवस जनावर भोगतं. म्हणून यातलं एकेक वाक्य घेऊन उत्तर देते.

“परवडत नसेल तर पाळायचंच नव्हतं.”

पाळण्याआधी खर्चाचा विचार करावा, हे बरोबरच आहे. पण घरातलं मांजर पंधरा-सोळा वर्षं सहज जगतं, कुत्रा बारा-तेरा. एवढ्या काळात नोकऱ्या जातात, घरातली माणसं अंथरुणाला खिळतात, संसार मोडतात. शिवाय म्हातारपणाचा खर्च एका आकड्यात येत नाही. आधी मूत्रपिंड, मग रक्तदाब, थायरॉइड, दात, सांधे. प्रत्येकाचं औषध वेगळं आणि दर थोड्या महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. पिल्लू घरी आणताना याचा हिशोब कुणाला मांडता आलाय? विमा काढावा म्हटलं, तर आधीपासून असलेला आजार बहुतेक विम्यांत धरत नाहीत. म्हणजे जनावर तरुण आणि धडधाकट असताना ज्यांना सुचलं नाही, त्यांना नंतर तो मार्गही जवळपास बंद.

आणि रस्त्यावर विव्हळणारं पिल्लू ज्यांनी स्वतःच्या तुटपुंज्या कमाईवर उचलून आणलं, त्यांनीही पाळायचं नव्हतं का? त्या जिवाला मिळालेली चौदा वर्षं मिळालीच नसती.

“चांगला उपचार महागच असतो.”

या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे जरा थांबते.

काही उपचार महाग असतात आणि त्यांना पर्याय नसतो. नर मांजराची लघवी तुंबली तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. गर्भाशय न काढलेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. इथे थांबायचं नाही, उसने पैसे घेऊन का होईना, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पण म्हातारपणाची रोजची देखभाल वेगळी. तिथे जे खरोखर उपयोगी पडतं त्यातलं बरंच स्वस्तातलं आहे. 48 लॅब्रेडॉर कुत्र्यांवर त्यांच्या जन्मभर चाललेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. जोड्या लावून एकाला नेहमीइतकं आणि दुसऱ्याला त्याच्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारे, सडपातळ राहिलेले कुत्रे जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. वाटीने मोजून खायला घालायला काहीच खर्च येत नाही. ज्या कुत्र्याचे मागचे पाय घसरतात त्याच्यासाठी गुळगुळीत फरशीवर जाड सतरंजी टाकली, तर त्याचं दुखणं त्याच दिवसापासून थोडं हलकं होतं. म्हाताऱ्या मांजराच्या शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या ट्रेची एक कड कापून खाली घेतली की ते पुन्हा ट्रेमध्ये जायला लागतं. पाय वर उचलताना त्याला दुखत होतं आणि आपण म्हणत होतो, घाण करायला लागलंय. 2002 सालच्याच एका तपासणीत बारा वर्षांवरच्या 90 टक्के मांजरांच्या एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज दिसली होती. म्हणजे ज्याचं मांजर म्हातारं आहे त्याने हे गृहीतच धरावं.

हृदयाचा आजार असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत घरी करण्याजोगी सगळ्यात मोलाची गोष्ट फुकट आहे. तो गाढ झोपला की घड्याळ घेऊन शेजारी बसायचं आणि एका मिनिटात छाती किती वेळा वरखाली होते ते मोजायचं. वर जाऊन खाली आली की एक श्वास. साधारणपणे हा आकडा तिसाच्या आत असतो. रोज मोजत असाल आणि एके दिवशी तो तिसाच्या वर जाऊन वरच राहिला, तर फुप्फुसात पाणी साठायला लागलेलं असू शकतं. तेव्हा डॉक्टरांना लगेच कळवायचं. रात्री-अपरात्री ऑक्सिजनवर ठेवायची वेळ आली तर त्याचा खर्चही जास्त आणि जनावराचे हालही. वहीत रोज लिहिलेल्या एका आकड्याने ती वेळ कित्येकदा टळते.

औषधांचंही तसंच. मांजराच्या वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टर बहुधा जे पहिलं औषध देतात ते अम्लोडिपिन, माणसांना वर्षानुवर्षं दिलं जाणारं, औषधांच्या साध्या दुकानात मिळणारं. रक्तदाब वाढलेलाच राहिला तर मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. इथे एका छोट्या गोळीचा तुकडा डोळे वाचवतो.

याच ठिकाणी कळकळीने सांगायचं आहे. माणसांचं औषध डॉक्टरांनी वजन बघून लिहून दिलं तर ठीक. स्वतःच्या मनाने कधीही नाही. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. एका गोळीनेही रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड सुजतं आणि मांजर जातं. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. घरातली दुखण्याची गोळी कोण देतं? डॉक्टरांकडे जायला ज्याला लाज वाटते आणि जनावराचं कण्हणं ज्याला ऐकवत नाही, तो. प्रेम करणाराच.

“शेवटच्या श्वासापर्यंत लढायचं.”

लढायचं कुणी? सुया टोचल्या जातात जनावराला. त्याला “अजून दोन आठवडे सहन कर, मग बरं वाटेल” हे सांगता येत नाही. आजचा दिवस कसा गेला, एवढंच त्याच्याजवळ असतं.

मांजराचं मूत्रपिंड घ्या. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा एक टाकाऊ पदार्थ, ठळकपणे वाढतं तोवर मूत्रपिंडाची साधारण पाऊण क्षमता गेलेली असते आणि गेलेली परत येत नाही. उपचार असतो तो उरलेलं जपण्याचा. फॉस्फरस कमी असलेला आहार, मळमळीवर औषध, रक्तदाबावर लक्ष आणि काही मांजरांना घरच्या घरी कातडीखाली सलाइन. आमच्या मांजरीला मी ते देत असे. पिशवी कोमट पाण्यात ठेवून अंगाच्या उबेला आणायची, खिडकीच्या कडीला टांगायची. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर उचलायची आणि त्या घडीच्या मुळाशी सुई सरकवायची. हात थरथरला तर सुई पलीकडून बाहेर येते आणि केस ओले होतात. नीट गेली तर कातडीखाली पाण्याचा उंचवटा येतो, तो हळूहळू एका पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. हृदय कमजोर असलेल्या मांजराला हे झेपत नाही, म्हणून डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय कुणी करू नये. पण ज्यांना चालतं त्यांच्यासाठी एकदा दवाखान्यात शिकून घेतलं की रोजची फेरी, पिंजऱ्यात बसणं, गाडीतलं भेदरणं सगळं वाचतं. आमची ती त्या वेळात खिडकीबाहेर बघत बसायची. ज्या दिवशी सुई बघून पलंगाखाली शिरायला लागली आणि पुढ्यातलं खाणं नुसतं हुंगून मागे फिरायला लागली, त्या दिवशी आम्ही डॉक्टरांशी पुढचं बोललो. तिच्या बाजूने बघितलं तर ते लढणं आता तिच्यावर लादलेलं होतं.

हे ओळखायला साधनं आहेत. कर्करोगाच्या जनावरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी 2004 साली एक मोजपट्टी मांडली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर जगणं सुसह्य आहे असं धरतात. माझ्या मते एका दिवसाच्या बेरजेला फारसा अर्थ नाही. दर आठवड्याला लिहून आकडे कुठे चाललेत ते बघावं. मांजरं दुखणं लपवतात, त्यांच्यासाठी मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत मांडली. कान बाजूला वळून सपाट झालेत का, डोळे आकसलेत का, नाकातोंडाभोवतीचा भाग ताणलाय का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का, ते बघायचं. शिकायला अर्धा तास पुरतो.

आणि सांभाळणाऱ्या माणसाचंही काही असतं. आजारी जनावर सांभाळणाऱ्यांवर केंट स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास 2017 साली आला. निरोगी प्राणी असणाऱ्यांपेक्षा या लोकांत ताण, चिंता आणि नैराश्याची लक्षणं जास्त आढळली. रात्री तीनदा उठून अंथरूण बदलणाऱ्याला “अजून लढ” म्हणण्याआधी एक रात्र त्याच्या जागी जागून बघा.

“पैशांपायी झोपवणं हा खून आहे.”

झोपवताना बहुधा आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भुलीच्या औषधाची खूप मोठी मात्रा. आधी शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. मूत्रपिंड पूर्ण बंद पडून येणारं मरण असं नसतं. त्यात उलट्या असतात, तोंडात फोड येतात, झटके येऊ शकतात आणि ते दिवसेंदिवस चालतं.

बरा होण्यासारखा जीव केवळ पैसे नाहीत म्हणून झोपवावा लागतो, असंही घडतं. ते दुःखद आहे आणि त्याआधी सगळे मार्ग बघायलाच हवेत. हप्ते मिळतात का, पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात कमी खर्चात होईल का, एखादी संस्था किंवा दुसरं घर त्याला घेईल का. पण सगळं बघूनही हात रिकामे राहिले, तर वेदनेत ठेवण्यापेक्षा शांतपणे जाऊ देणाऱ्याला खुनी कसं म्हणणार? खरं क्रौर्य त्या माणसाचं, जो म्हातारा कुत्रा गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून येतो. झोपवणाऱ्याला खुनी ठरवलंत की घाबरलेल्या माणसाला हाच मार्ग सोपा वाटायला लागतो. तिथे कुणी बघत नाही आणि कुणी नावं ठेवत नाही.

“डॉक्टरांपुढे पैशांचं रडगाणं गाऊ नये.”

गावं, आणि पहिल्याच भेटीत. डॉक्टरांना आकडा कळला नाही तर ते सगळ्यात परिपूर्ण योजना पुढे ठेवतात, तुम्ही मान हलवता, घरी येता आणि परत जातच नाही. त्याऐवजी सरळ सांगा: “माझ्याकडे महिन्याला एवढेच आहेत. एवढ्यात याचा त्रास सगळ्यात जास्त कशाने कमी होईल?” चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत. क्रम लावून देतात, आज काय हवंच, पुढच्या महिन्यावर काय ढकलता येईल, काय नाही केलं तरी चालेल. अंदाजपत्रक लिहून मागा. तपासणी सुचवली की विचारा, “रिपोर्ट काहीही आला तरी औषध तेच राहणार आहे का?” तेच राहणार असेल आणि पैसे मोजके असतील, तर ती तपासणी सोडून तेवढ्यात वेदनेची औषधं घेता येतात. औषधाची चिठ्ठी मागून बाहेरून घेता येईल का, मोठं पाकीट स्वस्त पडतं का, फेरतपासणी फोनवर फोटो-व्हिडिओ दाखवून होईल का, हेही विचारा. जाताना ती वही बरोबर न्या, ज्यात वजन, श्वास, खाणं, चांगला दिवस की वाईट असं रोजचं लिहिलंय. ती बघून डॉक्टर एखादी तपासणी स्वतःहून गाळतात.