पंपाची सवय लागते म्हणणाऱ्यांना

थंडीची चाहूल लागली की दम्याच्या पंपाबद्दलचा तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: इनहेलरची एकदा सवय लागली की सुटत नाही, त्यात स्टिरॉइड असतं, मुलांची उंची खुंटते, त्यापेक्षा गोळी किंवा सिरप सौम्य, पंप हा शेवटचा उपाय, आणि बरं वाटलं की लगेच बंद करा.

मी औषधशास्त्र शिकवते. दम्याच्या औषधांचा धडा दरवर्षी घेते. तरी माझ्याच मावसबहिणीच्या घरी पंप कुलूपबंद कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवलेला होता. मुलगी एकोणीस वर्षांची. "स्थळं यायला लागतील, कुणी पाहिलं तर काय म्हणतील?" एका रात्री तिला धाप लागली तेव्हा आधी कपाटाची किल्ली शोधावी लागली. म्हणून हे लिहायला बसले.

आधी सवयीचं बघू. दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, चिकट कफ सुटतो आणि नळीभोवतीचे स्नायू जराशा धुळीनेही आवळतात. पंपातलं स्टिरॉइड पेशीत शिरतं, तिथल्या ग्राहीला (औषध ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला) चिकटून केंद्रकात जातं आणि सूज वाढवणारे रेणू तयार करणाऱ्या जनुकांना आवर घालतं. हे व्हायला दिवस लागतात, कधी आठवडे. औषध थांबवलं की ती जनुकं पुन्हा कामाला लागतात आणि सूज परतते. परत आला तो मूळचा आजार. व्यसनात असते तशी तलफ इथे नसते, नशा नसते, दर महिन्याला डोस वाढवावाही लागत नाही. उलट दमा काही महिने आटोक्यात राहिला की डॉक्टर डोस कमी करत आणतात.

तरी या भीतीला एक खरा धागा आहे, आणि तो लपवणं मला पटत नाही. पंप दोन जातींचे. एक सूज उतरवणारा, स्टिरॉइडचा. दुसरा स्नायू सैल करणारा, साल्ब्युटामॉलचा, बहुतेकांच्या ओळखीचा निळा. निळ्याने पाच मिनिटांत मोकळं वाटतं, म्हणून लोक तोच घेत राहतात आणि खाली सूज तशीच वाढत जाते. १९६० च्या दशकात आयसोप्रेनालिन या स्नायू सैल करणाऱ्याच औषधाचे जास्त ताकदीचे पंप ज्या देशांत विकले गेले, त्यातल्या कित्येक देशांत, इंग्लंड आणि न्यूझीलंडमध्येही, दम्याचे मृत्यू अचानक वाढले. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर तेच पुन्हा झालं. वेलिंग्टनच्या संशोधकांनी १९८९ मध्ये फेनोटेरॉल या त्याच जातीच्या औषधाकडे बोट दाखवलं, त्याचा वापर आवरला गेला आणि मृत्यू उतरले. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की मोठ्यांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सोबत स्टिरॉइड हवंच. म्हणजे घाबरायचं तर एकट्या निळ्या पंपाला. मेसेज घाबरवतो नेमका स्टिरॉइडच्या पंपाबद्दल. मला सगळ्यात जास्त चीड येते ती याची.

उंचीचा प्रश्न आईबापांच्या जिवाला लागतो, आणि त्याचं उत्तर आकड्यात देता येतं. अमेरिकेत ५ ते १२ वर्षांच्या दमेकरी मुलांच्या एका गटाला चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड पंपातून दिलं. ती मुलं मोठी झाल्यावर २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: औषध न दिलेल्या गटापेक्षा उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी. परिणाम आहे, नाही असं म्हणणार नाही. पण तो बोटाच्या पेराहूनही कमी आहे, आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात रात्र रात्र बसून काढणारं मूल आहे.

गोळी सौम्य? साल्ब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. चाळीस पट. पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात जाणारी ती गोळी, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. स्टिरॉइडचंही तेच. पंपातलं ब्युडेसोनाइड वजनाला वजन प्रेडनिसोलोन या गोळीतल्या स्टिरॉइडपेक्षा ताकदवान आहे, हे खरं; पण त्याचा गिळला गेलेला भाग यकृत पहिल्या फेरीतच जवळजवळ ९० टक्के निकामी करतं. गोळीतल्या प्रेडनिसोलोनचं तसं होत नाही. आणि स्टिरॉइड नको म्हणून बिनलेबलाच्या पुड्या आणणाऱ्यांनी जपून राहावं, अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

शेवटचा उपाय म्हणावं तर औषध श्वासातून घेणं आपल्याला परकं नाही. दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढायची रीत इथली जुनी; १८०२ च्या सुमारास ती मद्रासहून ब्रिटनला पोचली. धोतऱ्यातलं ॲट्रोपीन नळ्या सैल करतं, पण माणसाला भ्रमही करतं. त्याच्या रेणूत फेरफार करून आयप्राट्रोपियम हे श्वासातून घ्यायचं औषध झालं, ते मेंदूपर्यंत सहसा पोचत नाही. धोतरा मात्र विषारी आहे, घरी प्रयोग नकोत.

बरं वाटलं की बंद करा, हा त्या मेसेजमधला सर्वांत जीवघेणा सल्ला. घरघर थांबते, सूज राहते. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदींवरून २००० मध्ये दिसलं, की वर्षभरात वापरलेल्या स्टिरॉइड पंपाच्या प्रत्येक जादा डब्यागणिक दम्याने मरण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी घटतं. २०१९ च्या अंदाजाप्रमाणे जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त.

भाचीला परवा पंप घेताना पाहिलं. ती फवारा आधी दाबत होती, श्वास मागून. निम्मं औषध जिभेवर. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं, आणला. आता पूर्ण श्वास सोडायचा, नळकांडं ओठांत घट्ट धरायचं, फवारा दाबून संथ श्वास आत घ्यायचा आणि मनात दहा मोजेपर्यंत रोखायचा. मग खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येतात. चूळ भरायचीच असते म्हणून पंप आता बेसिनवरच्या फळीवर, तिच्या ब्रशशेजारी असतो.