पातळ आवरण? तितकंसं नाही

रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसशी प्रोग्रॅम जोडून देणाऱ्या क्लायंट लायब्ररीबद्दलचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘रेडिसची क्लायंट लायब्ररी म्हणजे सॉकेटवरचं पातळ आवरण, एकदा लिहिली की झालं’ हे काही पटलं नाही (सॉकेट म्हणजे नेटवर्कवरची जोडणी). कमांड पाठवणं, उत्तर वाचणं सोपंच आहे. रेस्प या रेडिसच्या संदेश-प्रोटोकॉलचा पार्सर, म्हणजे संदेश उलगडणारा कोड, कुणीही हौशी माणूस शनिवार-रविवारात लिहील. खरं दुखणं कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायच्या उघड्या जोडण्यांच्या साठ्यात.

मार्च २०२३ मधलं चॅटजीपीटीचं प्रकरण आठवा. काहींना दुसऱ्यांच्या संभाषणांची शीर्षकं दिसली, ती रेडिस-पाय या पायथनसाठीच्या रेडिस लायब्ररीतल्या बगमुळे. रेडिसच्या उत्तरावर विनंतीचा क्रमांक नसतो. ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने उत्तरं येतात. कमांड गेली आणि उत्तर वाचण्याआधी असिंक टास्क (उत्तर येईपर्यंत बाजूला थांबलेलं काम) रद्द झाला, की ते उत्तर कनेक्शनमध्येच पडून राहतं आणि पूलमधून तेच कनेक्शन घेणाऱ्या पुढच्याच्या ताटात पडतं. उपाय एका ओळीचा वाटतो: असं कनेक्शन तोडून टाका. पण पाइपलाइन (एकदम पाठवलेल्या अनेक कमांड), क्लस्टर (अनेक सर्व्हरांचा गट), सगळ्याच वाटांवर तो लावावा लागतो. पहिली दुरुस्ती अपुरीच ठरली होती, पाठोपाठ आणखी आवृत्त्या काढाव्या लागल्या.

त्यात २०२४ मध्ये रेडिसने परवाना बदलला आणि त्याच्याच कोडमधून व्हॅल्की हा सर्व्हर वेगळा झाला. आता दोन्ही सर्व्हरांच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांवर चाचण्या चालवायच्या, रेस्प २ आणि रेस्प ३ दोन्ही सांभाळायचे. आणि इश्यूमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या तक्रार-नोंदीत, एखादी बडी कंपनी विचारणार, ‘हे कधी होणार?’ दुरुस्तीचा पॅच मात्र पाठवणार नाही! तुमच्या लेखात ही लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसांबद्दल एक परिच्छेद तरी हवा होता.