लिलावातला ‘निम्म्या किमतीचा’ फ्लॅट आणि त्याच्या आत राहणारी माणसं

सध्या एक मेसेज ग्रुपा-ग्रुपांवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: बँकेने जप्त केलेली घरं लिलावात निम्म्या किमतीत मिळतात, कागदपत्रं बँकेने तपासलेलीच असतात, आत कोणी राहत असेल तर बँक पोलीस आणून बाहेर काढते, जुनी देणी बँक भरते, आणि मन बदललं तर पैसे परत. खाली ‘हुशार लोक असेच श्रीमंत होतात’ हे ओघाने आलंच.

निम्म्या किमतीचं आधी. नोटिशीत छापलेली राखीव किंमत म्हणजे बोलीची सुरुवात, फ्लॅटचा भाव नव्हे. रिकामा, चांगल्या इमारतीतला, किल्ली बँकेकडे असलेला फ्लॅट असेल तर बोली चढत चढत बाजारभावाच्या आसपास जाते. कुणीच बोली न लावल्यामुळे पुन्हा पुन्हा नोटीस निघालेला फ्लॅट मात्र खरोखर स्वस्त असतो. तो दलालांनी का सोडला, हे मेसेजमध्ये नसतं.

बहुतेक वेळा कारण ताबा. नोटिशीत बारीक अक्षरांत ‘सांकेतिक ताबा’ की ‘प्रत्यक्ष ताबा’ ते लिहिलेलं असतं, आणि सगळा व्यवहार या एका शब्दावर फिरतो. सरफेसी कायदा, २००२ (कर्ज थकलं तर तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा कायदा) प्रमाणे बँक कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस देते आणि पैसे आले नाहीत तर ताबा घेते. सांकेतिक ताब्यात होतं एवढंच, की दाराला नोटीस चिकटते आणि दोन वर्तमानपत्रांत छापून येते. आत कुटुंब राहतच असतं. असा फ्लॅट पाहायला गेलात तर बँकेचा माणूस जिन्यातच थांबतो. दारावरची नोटीस अर्धी फाडलेली, बाहेर लहान मुलांच्या चपला, दार साखळीपुरतं उघडतं आणि बंद होतं. आतली गळती, तोडलेली भिंत, काही दिसत नाही. ‘पाहणी’ ती हीच.

पोलीस येतात, पण बँकेने फोन केला म्हणून नाही. याच कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज लागतो. कायद्यात या अर्जावर आदेश द्यायला ३० दिवस आणि कारणं नोंदवून एकूण ६० दिवसांची मुदत आहे. पण ही मुदत उलटली म्हणून आदेश देण्याचा अधिकार संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. म्हणजे उशीर झाला तरी अर्ज जिवंत राहतो आणि तुमच्या गृहकर्जाचे हप्तेही. दरम्यान कर्जदार कलम १७ खाली ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकतो. तो त्याचा हक्कच आहे. घर जात असताना कोण गप्प बसेल?

आत भाडेकरू असेल तर गुंता वेगळा. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या आधारे थेट बाहेर काढता येत नाही, हे विशाल कलसारिया प्रकरणात २०१६ मध्ये ठरलं. कर्ज बुडाल्यावर घाईने उभा केलेला, नोंदणीकृत करार नसलेला ‘भाडेकरू’ या संरक्षणात सहसा टिकत नाही. पण तो खरा की उभा केलेला, हे ठरेपर्यंत घरात तोच असतो.

पैसे भरले की सुटलो, असंही नाही. सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स हे प्रकरण पाहा. नवी मुंबईतल्या जमिनीसाठी खरेदीदार सेलिरने १०५ कोटींची बोली लावली, सगळी रक्कम भरली. त्यानंतर उच्च न्यायालयाने कर्जदार बाफना मोटर्सला कर्ज फेडून जमीन सोडवायची मुभा दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला: लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की मालमत्ता सोडवण्याचा हक्क संपतो. खरेदीदार जिंकला. तरी ताब्यासाठी त्याला अवमान याचिका करावी लागली आणि तिचा निकाल आला डिसेंबर २०२४ मध्ये. हा शंभर कोटी मोजू शकणारा खरेदीदार होता, वकिलांची फौज परवडणारा. आपण गृहकर्ज काढून तीन खोल्या घेणार.

कागदपत्रं तपासलेली असतात हे खरं, पण बँकेने ती स्वतःच्या कर्जासाठी तपासलेली असतात. तुम्हाला ती ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे’ या अटीवर विकते, म्हणजे दोषांसकट. देण्यांचंही तेच: सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, वीजबिल. विक्रीच्या अटी वाचल्या तर ही रक्कम बहुधा खरेदीदाराच्या नावावर टाकलेली सापडते. विजेबाबत तर २०२३ च्या के. सी. निनान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की नियमांत तरतूद असेल तर जुनी बाकी भरल्याशिवाय वीज कंपनी नव्या मालकाला जोडणी नाकारू शकते. बोली लावण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन बाकीचा आकडा लेखी मागावा. सेक्रेटरी कुरकुरतो, पण त्यालाही थकलेले पैसे हवेच असतात.

राहिला शेवटचा दावा, मन बदललं तर पैसे परत. हा सगळ्यात घातक. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के भरायचे आणि विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत उरलेले ७५ टक्के. मुदत लेखी वाढवून मिळते, पण तीन महिन्यांच्या पुढे नाही. सांकेतिक ताब्यातल्या घरावर कर्ज द्यायला दुसरी बँक का-कू करते, आणि अनेकांची गाडी इथेच अडते. सेंट्रल बँकेच्या एका लिलावात खरेदीदाराची बोली १२.२७ कोटींची होती. २५ टक्के भरले, उरलेले मुदतीत उभे राहिले नाहीत. बँकेने ते ३.०६ कोटी जप्त केले. पुढे तीच मालमत्ता १४.७६ कोटींना विकली गेली, म्हणजे बँकेचं नुकसान काहीच नव्हतं. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पूर्ण जप्ती नियमाला धरून असल्याचा निकाल दिला.