खान्देशात समुद्र नाही म्हणून डायव्हर घड्याळ नको? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर पण तोच आणि केळीवाल्यांच्या ग्रुपवर पण तोच. सुरुवात अशी की "आपला खान्देशमा समुद्र कोठे शे भो, मंग पाणबुड्यानं घड्याय कसाले?" आणि मग खाली मुद्दे. 50 मीटरवालं साधं घड्याळ पुरतं, 200 मीटर म्हणजे पैसे वाया. ऑटोमॅटिक, म्हणजे सेल न लागता हाताच्या हालचालीवर चालणारं, आपल्या उन्हात टिकत नाही. धक्क्याने, ट्रॅक्टरच्या हादऱ्याने मशीन जातं. लाखाच्या खालचं मेकॅनिकल सगळं भंगार, त्यापेक्षा ऑनलाइन 2 हजारात जुनं ऑटोमॅटिक मिळतं ते घ्या. सफायर काच नसेल तर हात लावू नका. आणि शेवटी, जळगाव-धुळ्यात दुरुस्त करणारं कोणी नाही. वाचायला पटतं, म्हणून तर लोक पुढे ढकलतात, पण यातलं बरंच चूक आहे आणि काही तर नुकसान करणारं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

समुद्राचा मुद्दा आधी घेतो कारण बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. घड्याळावर 50 मीटर लिहिलं म्हणजे नवं कोरं असताना स्थिर परिस्थितीत तेवढा दाब त्या मॉडेलने सहन केला, एवढंच. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयएसओ 22810, त्यात नमुने काढून तपासलं तरी चालतं. डायव्हर घड्याळाचं स्टँडर्ड वेगळं आहे, आयएसओ 6425. तिथे कमीत कमी 100 मीटर लागतं, प्रत्येक नग लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासला जातो, अंधारात 25 सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, धक्का, चुंबक, खारं पाणी या सगळ्याच्या टेस्ट आहेत. आणि आपल्यासाठी सगळ्यात कामाची टेस्ट म्हणजे तापमानाची, 40 डिग्रीच्या पाण्यात 10 मिनिटं, लगेच 5 डिग्रीच्या पाण्यात 10 मिनिटं, परत 40 च्या पाण्यात. आता मे महिन्यात दुपारी बांधावरून उठून थेट विहिरीत उडी मारणारा पोरगा डोळ्यासमोर आणा, तापलेलं घड्याळ गार पाण्यात पडलं की आतली हवा आकसते, बाहेरून ओल आत ओढली जाते, आणि झाकणाचं किंवा चावीचं रबर जिथे ढिलं असेल तिथून ती शिरते. समुद्र नसला म्हणून हे थांबत नाही.

काही जण वर असंही सांगतात की पोहताना हात मारल्याने दाब प्रचंड वाढतो म्हणून 200 मीटर लागतं. तेही खरं नाही. 15-16 फुटांवरून उडी मारली तर पाण्याला लागताना वेग सेकंदाला 10 मीटरच्या आसपास असतो, त्या वेगाचा दाब हिशोबाने अर्धा बार येतो, म्हणजे सुमारे 5 मीटर खोल पाण्याएवढा. मग 30 आणि 50 मीटरवाल्यात पाणी का जातं? कारण त्यांची चावी नुसती दाबून बसवलेली असते, रबर बारीक असतं, आणि घाम, उन्हं आणि फवारणीच्या औषधाने ते कडक होतं, ड्रिपच्या फिल्टरची ओ-रिंग दोन-तीन उन्हाळ्यात कशी कडक होऊन गळायला लागते तसंच. डायव्हर घड्याळात चावी आट्यांवर घट्ट बसते, झाकण आट्यांचं असतं, रबर जाड असतं, म्हणून ते झिजायला जागा राहते. आपण 200 मीटर खोली विकत घेत नाही, ही राखीव ताकद विकत घेतो. फक्त एक, फवारणीच्या एचटीपी पंपाच्या गनचा दाब 20 बारच्या पुढे सहज जातो, त्यामुळे गनचा फवारा किंवा सर्व्हिसिंग सेंटरचा पाण्याचा जेट कोणत्याही घड्याळावर जवळून मारू नका, आणि उनपदेवच्या गरम कुंडात उतरताना पण काढूनच ठेवा, गरम पाणी रबराचं शत्रू आहे.

इथे एक फसगत होते ती पण सांगून ठेवतो. दिसायला डायव्हर आणि असायला डायव्हर यात फरक आहे. सेकोचं एसकेएक्स 007 हे 1996 पासून चाललेलं खरं 200 मीटरचं डायव्हर होतं, ते 2019 च्या सुमारास बंद झालं आणि त्याच चेहऱ्याची नवी सेको 5 स्पोर्ट्स आली, पण तिच्यात 100 मीटर आणि चावीला आटे नाहीत. घड्याळ चांगलं आहे, मशीन उलट सुधारलेलं आहे, पण विहिरीसाठी मी ते सांगणार नाही. डायलवर फक्त वॉटर रेझिस्ट 200 लिहिलंय की डायव्हर्स 200 लिहिलंय हे वाचा. ओरिएंटच्या कामासूवर पहिलं असतं, सिटिझनच्या प्रोमास्टर एनवाय 0040 वर दुसरं. दोन्हींची चावी आट्यांची आहे, दोन्ही आपल्या कामाला पुरून उरतात, पण जास्त खात्री हवी असेल तर दुसरं.

ऊन. बाहेर भुसावळात 45 असलं तरी मनगटावरचं घड्याळ 45 ला नसतं, एका बाजूने ते कातडीला टेकलेलं असतं, सावलीत गेलं की लगेच निवतं. आणि हेअरस्प्रिंगची, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगची, लवचिकता उष्णतेने फार बदलू नये म्हणून वापरतात ते निकेल-स्टीलचे मिश्रधातू काही कालचे नाहीत, निकेल-स्टीलवरच्या कामासाठी गियोम या शास्त्रज्ञाला 1920 मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं. कंपनी स्वतः सांगते ती अचूकता 5 ते 35 डिग्रीमधली असते, उन्हात थोडं मागेपुढे होणारच. सेकोच्या 4आर36 मशीनला दिवसाला 45 सेकंद पुढे किंवा 35 मागे एवढी सूट कंपनीनेच ठेवलीय. ज्याला सेकंदाची वेळ पाहिजे त्याने हजार-दीड हजाराचं डिजिटल घ्यावं, ते जास्त अचूक चालेल, याच्यात वाद नाही. पण उन्हाने मशीन "जातं" हे खरं नाही. घड्याळ खराब करायचं असेल तर गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा, तिथे डिजिटलचा स्क्रीन पण काळा पडतो.

धक्क्याच्या बाबतीत मेसेज अर्धा बरोबर आहे. या घड्याळात बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या, नाजूक टोकाला स्प्रिंगवाली बेअरिंग असते, हातातून पडलं, दाराला आपटलं, एवढं ते झेलतं. ट्रॅक्टर चालवायला, बाईकवर सातपुड्यात फिरायला काही अडचण नाही. पण ब्रेकर मशीन, घण, लाकूड फोडणं, हे करताना काढून खिशात ठेवा. आणि बरीच घड्याळं धक्क्याने नाही, चुंबकाने बिघडलेली असतात, लोकांना कळतच नाही. डीजेच्या स्पीकरवर ठेवलं, मोबाईलच्या चुंबकवाल्या कव्हरला चिकटून राहिलं, की अचानक खूप पुढे पळायला लागतं. तेव्हा मशीन गेलं म्हणून खोलायची गरज नाही, डीमॅग्नेटायझरवर, म्हणजे चुंबकपणा काढायच्या यंत्रावर, काही सेकंदात नीट होतं. सिटिझनच्या त्या मॉडेलची चावी 8 च्या बाजूला आहे, फावडं, कुदळ धरताना मनगट मागे वळलं तरी चावी हाताला रुतत नाही, शेतात काम करणाऱ्याला हे फार उपयोगी आहे.

बेझलबद्दल, म्हणजे काचेभोवतीच्या फिरणाऱ्या रिंगबद्दल, मेसेजमध्ये एक शब्द नाही, आणि माझ्या मते रोजच्या कामात घड्याळाचा सगळ्यात उपयोगी भाग तोच. ड्रिपमधून खत सोडलं, 40 मिनिटांनी बंद करायचं, खूण मिनिट काट्यावर आणली की झालं, चिखलाच्या हाताने मोबाईल काढायला नको. ती रिंग एकाच दिशेने फिरते, चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ जास्तच दाखवेल, कमी दाखवणार नाही, म्हणजे चूक झाली तर सुरक्षित बाजूला. आणि धनत्रयोदशीला अस्तंबा डोंगराची यात्रा रात्री चढणाऱ्यांना विचारा, काट्यांवरचा उजेड किती कामाला येतो ते.

आता पैशाचं. वीस-तीस हजाराच्या आसपास वर सांगितलेली घड्याळं मिळतात, आणि लाखाच्या घड्याळात जास्त पैसे जातात ते बरेचसे पॉलिश, फिनिशिंग आणि नावाचे. पाणी न जाणं आणि वर्षानुवर्षं चालणं हे या किमतीतही मिळतं. रक्कम लहान नाही हे मला कळतं, कापसाला भाव नसलेल्या वर्षी तर अजिबात नाही, म्हणूनच तर 2 हजारवाल्या सल्ल्याचा राग येतो. ऑनलाइन दिसणारी ती चकचकीत जुनी ऑटोमॅटिक बहुतेक रंगवलेल्या डायलची, तीन घड्याळांचे पार्ट मिळून एक केलेली असतात. चावी दुसऱ्याची, रबर नाहीच किंवा वाळलेलं, त्यात पावसाचं पाणी पण थांबणार नाही. एक तरणा पोरगा असंच घेऊन पाटणादेवीला धबधब्याखाली उभा राहिला, घरी येईपर्यंत काचेत आतून थेंब होते आणि काही दिवसात मशीनला गंज. 2 हजार गेले ते गेलेच. पैसे कमी असतील तर थांबा, किंवा तेवढ्यात नवं डिजिटल घ्या, पण हे घेऊ नका.

सफायर चांगली, ओरखडे पडत नाहीत, कारण कठीणपणाच्या 10 पर्यंतच्या मापात ती 9 वर आहे, वाळूतला क्वार्ट्झ 7 वर आणि साधी मिनरल काच त्याच्याही खाली. म्हणजे गिरणेच्या वाळूत काम असेल तर मिनरल काचेवर रेघा पडणार. पण कठीण म्हणजे न फुटणारी नाही, जोरात दगडावर आपटली तर सफायर तडकू शकते, मिनरल त्यामानाने मार सहन करते आणि बदलायला स्वस्त. दोन्ही चालतं. पट्टा मात्र चामड्याचा नको, घामाने कुजतो, रबर किंवा नायलॉन घ्या, केळीचा चीक लागला की नायलॉनवरचा डाग निघत नाही, म्हणून बागेत काम असेल तर काळं रबर.

दुरुस्तीचं सांगतो. एचएमटीची चावीची घड्याळं उघडण्यात ज्यांची हयात गेली असे कारागीर आपल्याकडे अजून बसलेले आहेत, या जपानी मशीनला ते घाबरत नाहीत, आणि सेकोचं एनएच35 तर अख्खं मशीनच काही हजारात नवं मिळतं. खरी अडचण पाणी टेस्ट करायच्या यंत्राची आहे. म्हणून दुकानात आधी विचारा, झाकण उघडल्यावर रबर नवं टाकणार का, त्याला ग्रीस लावणार का, प्रेशर टेस्टचं मशीन आहे का. बॅटरीच्या घड्याळात तर दर दोन-तीन वर्षांनी सेल बदलायला झाकण उघडतं आणि तेच जुनं रबर परत दाबून बसवतात, ऑटोमॅटिकमध्ये ही वेळ पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंगला येते, पण पाण्यात जाणारं असेल तर रबर दोन-तीन वर्षांनी बदला. मधल्या काळात घरी तपासायचं असेल तर घड्याळ उन्हात थोडं कोमट होऊ द्या आणि काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. आतून वाफ धरली तर ओल शिरलेली आहे, लगेच उघडून घ्या. टेस्टचं मशीन जवळ नसेल तर नाशिक-पुण्याला जाणाऱ्याबरोबर सर्व्हिस सेंटरला पाठवा आणि टेस्ट होऊन येईपर्यंत ते घड्याळ विहिरीत नेऊ नका.