महाकाव्यांतली माणसं बदलत नाहीत म्हणे!

सध्या एक दावा खूप शेअर होतोय. शब्द वेगवेगळे असतात पण मुद्दे तेच. प्राचीन महाकाव्यांतले नायक पहिल्या ओळीत जसे असतात तसेच शेवटच्या ओळीत, त्यांची विशेषणंसुद्धा ठरलेली. मरणाची त्यांना भीती नसते, कीर्ती मिळाली की त्यांचं भागतं. कुठे थोडाफार बदल दिसलाच तर तो देवांनी घडवलेला असतो. आणि आपल्याकडे तर काय, आत्माच अमर, त्यामुळे मरणाने कुणी आतून हलायचा प्रश्नच नाही. मग शेवटी निष्कर्ष असा की आतून बदलणारा माणूस ही गेल्या तीन-चारशे वर्षांतली, कादंबरीची देणगी.

मला यातलं जवळजवळ काहीच पटत नाही. आणि पटत नाही म्हणून गप्प बसावं असंही वाटत नाही, कारण असलं काही वाचून कुणीतरी ही काव्यं न उघडताच बाजूला ठेवून देतो.

आधी विशेषणांचा मुद्दा घेऊ, कारण वरवर पाहता तो सगळ्यात भक्कम आहे. होमरच्या इलियड या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्यात अकिलीस हा ग्रीकांचा योद्धा म्हटलं की ‘चपळ पायांचा’ आलंच, मग तो पळत असो की तंबूत बसून रुसलेला असो. हे खरंय. ही काव्यं आधी तोंडी गायली जायची, गाणाऱ्याला वृत्तात बसणारे तयार शब्द हाताशी लागायचे, म्हणून ती विशेषणं तशी घट्ट बसलेली. पण विशेषण बदललं नाही म्हणजे माणूस बदलला नाही, हे कुठून आलं? उलट शब्द तेच राहतात म्हणून तर माणूस किती सरकला ते दिसतं.

बघा ना, २२व्या सर्गात अकिलीसच्या हातून पडलेला ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर मरता मरता विनवतो की माझं प्रेत तरी घरी दे. त्यावर अकिलीस म्हणतो की दहापट, वीसपट खंडणी आणली, तुझ्या वजनाइतकं सोनं तुझ्या बापाने तोलून दिलं तरी देणार नाही, कुत्री आणि पक्षी तुला खातील. तुला कच्चा खावासा वाटतोय, इथपर्यंत बोलतो. मग प्रेत रथाला बांधून फरफटवतो, पुढे रोज पॅट्रोक्लसच्या, म्हणजे हेक्टरने मारलेल्या आपल्या जिवलग मित्राच्या, थडग्याभोवती तीन फेऱ्या. आणि २४व्या सर्गात तोच म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, रात्री एकटा त्याच्या तंबूत येतो, गुडघे धरतो, आणि ज्या हातांनी त्याची मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. म्हणतो, तुझ्या बापाला आठव. दोघंही रडायला लागतात, म्हातारा हेक्टरसाठी आणि अकिलीस कधी स्वतःच्या बापासाठी कधी पॅट्रोक्लससाठी.

हा सीन बऱ्याच जणांना माहीत असतो. पण त्यानंतर लगेच जे होतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. अकिलीस दासींना सांगतो की प्रेत धुवा, तेल लावा, पण आधी आडबाजूला न्या, म्हाताऱ्याला दिसता कामा नये. का, तर मुलाला बघून त्याला राग आवरला नाही तर आपणही भडकू आणि त्याला मारून टाकू. म्हणजे स्वतःचा राग काय करू शकतो हे त्याला आता नीट कळलेलं आहे आणि तो त्या रागाच्या आधीच तजवीज करून ठेवतोय. ज्या काव्याचा पहिला शब्दच याच्या क्रोधाबद्दल आहे, आणि ज्या क्रोधापायी शेकडो माणसं मेली, त्याच काव्याच्या शेवटच्या सर्गात तो हे करतो. मग प्रेत स्वतः उचलून तिरडीवर ठेवतो. खंडणीतली दोन वस्त्रं आणि एक अंगरखा तो आधीच बाजूला काढायला लावतो, प्रेत झाकून न्यायला. अंत्यविधीला किती दिवस हवेत असं आपणहून विचारतो आणि तितके दिवस युद्ध थांबवायचं कबूल करतो. त्याच रात्री, या सगळ्याच्या थोडं आधी, तो प्रायमवर डोळे वटारून ‘मला डिवचू नकोस’ असंही म्हणतो, आणि तिथेसुद्धा त्याला ‘चपळ पायांचा’च म्हटलंय. म्हणजे जुना अकिलीस कुठे गेलेला नाही, तो तिथेच आहे. मला विचाराल तर बदल म्हणजे जुना माणूस पुसून नवा लिहिणं असं कुणी मानत असेल तर खऱ्या आयुष्यातही कुणीच बदलत नाही.

देवांचा मुद्दा इथेच निकालात निघतो, त्यावर वेगळा वेळ घालवायला नको. हो, प्रेत परत दे हा देवांचा राजा झ्यूसचा निरोप आहे, आई थेटिस तो घेऊन येते आणि अकिलीस ऐकतो. पण निरोप एवढाच की खंडणी घे आणि प्रेत सोड. रडायचं, म्हाताऱ्याला जेवू घालायचं, प्रेत स्वतःच्या हाताने उचलायचं, लढाई थांबवायची, यातलं काहीही देवाने सांगितलेलं नाही. कवीने देवाचा हुकूम मुद्दाम छोटा ठेवलाय आणि उरलेली सगळी जागा माणसाला दिलीय.

आता मरणाची भीती. इथे दावा करणाऱ्यांनी गिल्गमेश हे प्राचीन मेसोपोटेमियातलं, त्याच नावाच्या राजाचं महाकाव्य वाचलेलं नाही किंवा पहिलं अर्धंच वाचलंय असं मला अगदी मनापासून वाटतं. कारण पहिल्या अर्ध्यात तो खरंच दाव्यातल्यासारखाच आहे. उरुकचा राजा, दोन तृतीयांश देव, शहरातल्या तरण्याताठ्यांना छळणारा. एन्किडू हा रानातला माणूस त्याच्या तोडीस तोड म्हणून घडवला जातो, दोघांची झुंज होते आणि मग दोस्ती. देवदारांच्या अरण्यात जाऊन त्याचा राखणदार राक्षस हुंबाबा याला मारायचं ठरतं तेव्हा घाबरतो तो एन्किडू. त्याला गिल्गमेश जे सांगतो ते काव्याच्या जुन्या बॅबिलोनियन पाठात आहे: कायमचे राहतात ते देव, माणसाचे दिवस मोजलेले, तो काहीही करो ते वाऱ्यासारखं, आणि तू आत्ताच मरणाला घाबरतोस? मी पडलोच तर नाव तरी होईल. घ्या, कीर्ती, शौर्य, बेफिकिरी, दाव्यात आहे ते सगळं इथे आहे. मरण त्याला माहीत आहे, पाठ आहे, भाषणात वापरता येतं.

मग एन्किडू मरतो. लढाईत नाही, आजारी पडून, अंथरुणावर, बारा दिवस झिजून. आणि गिल्गमेश सहा दिवस सात रात्री प्रेत पुरू देत नाही, नाकातून अळी पडेपर्यंत. चार हजार वर्षांच्या आसपास जुन्या गोष्टीत ही अळी आहे. ती दिसल्यावर त्याच्या डोक्यात जे येतं ते अगदी साधं आहे: मीही मरणार, मीही असाच होणार. मग तो राज्य सोडून कातडी पांघरून रानोमाळ भटकतो. वाटेत दारूचा गुत्ता चालवणारी सिदुरी भेटते, नावाडी उर्शनाबी भेटतो, शेवटी देवांनी अमर केलेला माणूस उता-नपिश्ती भेटतो, आणि प्रत्येक जण तेच विचारतो की तुझे गाल का बसलेत, चेहरा का असा झालाय, आणि तो प्रत्येकाला तेच लांबलचक उत्तर देतो, जवळपास शब्दाला शब्द. याला कुणी ‘पुनरावृत्ती, तोंडी काव्याची सवय’ म्हणून सोडून देईल. माणूस गेलेल्या घरात जाऊन बघा, येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकीकत त्याच शब्दांत सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याला थांबता येत नाही.

म्हणजे मरणाचं वाक्य त्याला आधीही येत होतं. तेव्हा त्या वाक्यात कुणाचं नाव नव्हतं. मला वाटतं या काव्यांमधला बदल सगळीकडे इथूनच सुरू होतो, स्वतःच्या मरणाने नाही, दुसऱ्याच्या मरणाने. अकिलीसचंही तेच. त्याला आईने केव्हाच सांगितलेलं असतं की दोन वाटा आहेत, इथे लढून लवकर मर आणि नाव कमाव किंवा घरी जाऊन म्हातारा हो. नवव्या सर्गात तो या कीर्तीच्या सौद्यावरच शंका घेतो, गुरंढोरं लुटून आणता येतात पण एकदा दातांच्या कुंपणाबाहेर गेलेला जीव परत येत नाही, असं तो स्वतः म्हणतो. हे बोलणाऱ्याला मरणाचं काही वाटत नाही असं म्हणायचं? आणि होमरच्याच ओडिसी या दुसऱ्या काव्यात तो मेल्यावर पाताळात भेटतो तेव्हा म्हणतो, मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा वर एखाद्या गरिबाच्या शेतावर मजुरी केलेली बरी. जगातला सगळ्यात कीर्तिमान योद्धा, कीर्ती पुरेपूर मिळाल्यानंतर.

गिल्गमेशच्या शेवटाबद्दल वाद आहे तो मान्य. तो अमरत्व आणायला जातो आणि हात हलवत परत येतो. उता-नपिश्ती त्याला सहा दिवस सात रात्री जागून दाखव म्हणतो, तो बसल्या बसल्या झोपतो, उता-नपिश्तीची बायको रोज एक भाकरी भाजून उशाशी ठेवते, आणि जागा झाल्यावर ‘आत्ताच डोळा लागला होता’ म्हणणाऱ्या त्याला पहिली वाळून कडक झालेली, मधली बुरशी धरलेली आणि सातवी अजून निखाऱ्यांवर असलेली, अशा भाकऱ्या मोजून दाखवतात. पुढे म्हाताऱ्याला तरुण करणारी वनस्पती मिळते ती साप पळवतो. मग यात बदल कुठे, असं विचारतात. मी तीन ठिकाणं दाखवतो. उता-नपिश्तीला बघून तो म्हणतो की मी तुझ्याशी झुंजायच्या तयारीने आलो होतो पण तू तर माझ्यासारखाच दिसतोस, आणि हात उचलत नाही. हुंबाबाला मारणारा हाच ना? दुसरं, वनस्पती मिळाल्यावर तो ती तिथल्या तिथे खात नाही. उरुकला नेईन, आधी एका म्हाताऱ्याला देऊन बघेन, मग मी खाईन, असं म्हणतो. कुणी म्हणेल ही नुसती खात्री करून घेणं आहे, असेलही, पण जो शहराला छळत होता त्याच्या बेतात आता शहर आलंय. आणि तिसरं म्हणजे शेवट. परत आल्यावर तो नावाड्याला उरुकची तटबंदी दाखवतो, वर चढ, विटा बघ, एक भाग शहर, एक भाग खजुराच्या बागा, एक भाग मातीची खाण. याच ओळी काव्याच्या सुरुवातीला आहेत, पण तिथे त्या कवीच्या तोंडी होत्या. आता त्या त्याच्या तोंडी आहेत, जो हे सगळं टाकून पळाला होता.

आता आपल्याकडचा मुद्दा, आत्मा अमर म्हणून शोक नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो कारण हे महाभारत घरात असलेली माणसं बोलतात. ‘न हन्यते हन्यमाने शरीरे’ हे ज्याला सांगितलं तो अर्जुन, साक्षात कृष्णाकडून ऐकलेला. आणि काही दिवसांतच अभिमन्यू पडतो तेव्हा तो काय करतो? कोसळतो, आणि उद्या सूर्यास्ताआधी जयद्रथाला मारलं नाही तर अग्नीत प्रवेश करीन अशी प्रतिज्ञा करतो. कवीने हे दोन प्रसंग एकाच युद्धात, इतके जवळ ठेवलेत, ते काही चुकून ठेवलेले नाहीत.

युधिष्ठिराचं तर आणखी स्पष्ट आहे. वनपर्वात यक्ष विचारतो की सगळ्यात मोठं आश्चर्य कोणतं. हा सांगतो, रोज प्राणी यमाच्या घरी जातात आणि उरलेल्यांना वाटतं आपण कायम राहणार. उत्तर पूर्ण बरोबर. पण युद्ध संपल्यावर, मृतांना पाणी देताना कुंती सांगते की कर्ण तुमचा थोरला भाऊ होता, आणि या सगळी उत्तरं येणाऱ्या माणसाला राज्य नकोसं होतं. तो वनात जातो म्हणतो, भाऊ रागावतात, द्रौपदी सुनावते, आणि त्याला समजावण्यात अख्खं शांतिपर्व उभं राहतं, जे महाभारतातलं सगळ्यात मोठं पर्व आहे. त्याआधी द्रोणाच्या वेळी अश्वत्थाम्याबद्दल अर्धसत्य बोलल्यावर, जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो हेही महाभारतच सांगतं. न बदलणाऱ्या माणसाचा रथ खाली कशाला आणला असता?

आणि शेवटची दोन पर्वं बघा. महाप्रस्थानात द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. भीम विचारत जातो, आणि युधिष्ठिर प्रत्येकाचा दोष सांगून मागे न बघता पुढे चालतो. वाचताना तो मला नेहमी फार कठोर वाटलाय. पण स्वर्गारोहणात, अंधाऱ्या दुर्गंधीच्या वाटेवर तो परत फिरायला लागतो, आणि त्याच माणसांचे आवाज येतात, थांब, तू आलास की आम्हाला बरं वाटतं. तो थांबतो. देवांची आणि धर्माची, हो, धर्माचीसुद्धा निंदा करतो, आणि देवदूताला सांगतो की तू जा, मी इथेच राहणार. जो वाटेत वळून बघत नव्हता तो नरकात मुक्काम करतो. यालासुद्धा बदल म्हणायचं नसेल तर बदल कशाला म्हणायचं ते दावा करणाऱ्यांनीच सांगावं.

कादंबरीबद्दल एवढं मान्य करतो की मनात चाललेलं पानन्‌पान उलगडून दाखवणं ही तिची ताकद आहे आणि महाकाव्यं ते सहसा करत नाहीत. त्यांच्यात सपाट पात्रंही भरपूर आहेत, नुसतं पडण्यापुरते आलेले योद्धे आहेत. पण बदल कसा घडवायचा याचा विचार त्या कवींनी केलाच नव्हता, हे चूक आहे. गिल्गमेशच्या सुट्या सुमेरियन कथांमध्ये एन्किडू हा बहुतेक ठिकाणी त्याचा नोकर आहे. पुढे इ.स.पू. १८०० च्या आसपास अक्कादी भाषेत त्या कथांचं एक सलग काव्य झालं तेव्हा नोकराचा जिवलग मित्र झाला. नोकर मेल्यावर राजा इतका मोडला असता, राज्य सोडून रानात गेला असता, हे कुणाला पटलं असतं? कुण्या कवीला ते उमगलं होतं, म्हणून त्याने आधी मैत्री लिहिली, झुंज, अरण्य, एकमेकांना सांगितलेली स्वप्नं, सगळं लिहिलं, आणि मग एन्किडूला मारलं.