स्पर्धकाच्या घरची गोष्ट का सांगतात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

देशोदेशींच्या गेम शोंवरील माझ्या लेखावर आपण नाशिकरोडहून सविस्तर लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे असे की, ब्रिटनमधले कार्यक्रम ज्ञानाची कसोटी घेतात आणि आपले कार्यक्रम स्पर्धकाच्या गरिबीचे प्रदर्शन मांडतात. हा दर्जातला फरक असून मी त्यावर संस्कृतीचे पांघरूण घालतो आहे. वसंत व्याख्यानमालेसाठी गोदाघाटावर गर्दी करणाऱ्या शहरातल्या माणसाने ‘होम मिनिस्टर’ची बाजू घ्यावी, याचेही आपल्याला वाईट वाटले.

आपण दाखला देता तो ‘मास्टरमाइंड’चा. १९७२ मध्ये बीबीसीवर सुरू झालेल्या या कार्यक्रमात काळी खुर्ची असते, स्पर्धकाचे नाव, व्यवसाय आणि त्याने निवडलेला विषय एवढीच त्याची ओळख असते आणि अंतिम विजेत्याला काचेचे एक पात्र मिळते. १९८२ मध्ये चॅनल फोर ही ब्रिटिश वाहिनी सुरू झाली त्याच दिवशी, एका फ्रेंच कार्यक्रमावरून बेतलेला, अक्षरे आणि आकडे जुळवण्याचा ‘काउंटडाउन’ सुरू झाला. त्यात जिंकणाऱ्याला मिळणारी चहाची किटली तर तिकडे मानाची समजली जाते. हा साधेपणा मलाही अतिशय प्रिय आहे. पण त्याचे सगळे श्रेय ब्रिटिश स्वभावाला देणे मला पटत नाही. तिथल्या व्यापारी वाहिन्यांवरील बक्षिसांच्या रकमेला नियामकांनी अनेक वर्षे मर्यादा घातली होती. ती उठल्यानंतर, सप्टेंबर १९९८ मध्ये, आयटीव्ही या व्यापारी वाहिनीने दहा लाख पौंडांचा ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेअर’ आणला आणि त्याच ब्रिटिश प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. अमेरिकेत १९५८ मध्ये मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांत स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवली जात असल्याचे उघड झाले आणि १९६० मध्ये अशा फसवणुकीविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा ‘तिकडचे ते सारे ज्ञानासाठी’ असे सरसकट म्हणता येणार नाही.

‘डील ऑर नो डील’ हा मूळचा डच खेळ पाहा. त्यात ज्ञानाचा लवलेश नाही; पेटीत किती रक्कम आहे याचा केवळ अंदाज बांधायचा असतो. अमेरिकेत २६ मॉडेल हातात ब्रीफकेस घेऊन उभ्या राहिल्या आणि दहा लाख डॉलर पणाला लागले. ब्रिटनमध्ये आपल्या पाळीची वाट पाहणारी साधी माणसे २२ लाल पेट्या घेऊन बसली आणि सर्वांत मोठी रक्कम अडीच लाख पौंडांची होती. या ब्रिटिश आवृत्तीत स्पर्धकाचे घर, त्याचे आजारपण, त्याची कर्जे यांविषयीचे बोलणे भरपूर असे. म्हणजे ज्याला आपण खास भारतीय दोष मानता, तो तिथेही होता.

माझ्या मते फरक पडतो तो खेळात काय पणाला लागले आहे यावरून. ‘मास्टरमाइंड’मध्ये हरणारा खिशातले काही गमावत नाही, म्हणून त्याच्या घरची गोष्ट अनावश्यक ठरते. ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये मात्र खेळाचा गाभाच जोखीम हा आहे. २०१९ मध्ये शाळेत खिचडी शिजवणाऱ्या, अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे एक कोटीच्या प्रश्नासमोर होत्या, तेव्हा खेळ सोडला तर पन्नास लाख आणि उत्तर चुकले तर तीन लाख वीस हजार, असा तो पेच होता. महिना दीड हजार रुपये मिळवणाऱ्या बाईंसाठी हा पेच केवढा आहे, हे त्यांची मिळकत ठाऊक नसताना प्रेक्षकाला कसे कळावे? त्यांनी तो प्रश्न जिंकला आणि सात कोटींच्या प्रश्नाला खेळ सोडला. तो निर्णयही त्या मिळकतीच्या संदर्भातच समजतो. (बक्षिसावर आपल्याकडे तीस टक्के कर बसतो आणि ब्रिटनमध्ये बसत नाही, हाही हिशेब त्यात धरावा.) मात्र त्या गोष्टीवर करुण संगीत चढवून ती लांबवणे मलाही असह्य होते आणि तिथे आपला राग रास्त आहे.

‘होम मिनिस्टर’ला मी ज्ञानाची स्पर्धा कधीच म्हटलेले नाही. २००४ पासून त्या कार्यक्रमाने खेळ स्टुडिओतून काढून घराच्या बैठकीत आणला आणि जी स्त्री एरवी पाहुण्यांसाठी चहा करायला आत जाते तिच्याभोवती सारे घर बसवले, हे मला मोलाचे वाटते. आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याची ओळख असलेली पैठणी हे त्याचे योग्य मापाचे बक्षीस होते. २०२२ मध्ये ‘महामिनिस्टर’मधून अकरा लाखांची पैठणी आली, तेव्हा ते माप सुटले, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीत केवळ ज्ञानावर चालणारा कार्यक्रम असावा, ही आपली सूचना मला पूर्ण मान्य आहे. प्रश्नमंजूषांचे सूत्रसंचालक सिद्धार्थ बसू यांनी ‘मास्टरमाइंड इंडिया’ इंग्रजीत उत्तम चालवून दाखवला होता. मराठीत तसे करायचे तर बक्षीस लहानच ठेवावे आणि स्पर्धकाला त्याचा विषय निवडू द्यावा. मग कोणी द्राक्षांवरील रोगांवर, तर कोणी पेशवेकालीन नाशिकवर प्रश्न झेलायला बसेल.