तार राखायची कुणी?

काल एसटी स्टँडामागच्या कट्ट्यावर बापूंनी विषय काढला. "बांगलादेशच्या हद्दीला सगळीकडं तार मारा, झालं!"

मेजरांनी कप खाली ठेवला. सीमा सुरक्षा दलात त्यांची उमेदीची वर्षं बंगाल-आसामात गेली. "बापू, हद्द 4,096 किलोमीटर. त्यातल्या 3,200 च्या वर किलोमीटरला तार झालीय. राहिलेल्यातल्या पावणेदोनशे किलोमीटरवर ती उभीच राहत नाही. आसामात धुबरीला ब्रह्मपुत्रेत वाळूची बेटं आहेत, चर म्हणतात. यंदा बेट आहे तिथं पुढच्या पावसाळ्यात पाणी. खांब रोवायचा कशात?"

"मग कॅमेरे लावा," आमचा आयटीवाला पोरगा म्हणाला. "माणसं कमी लागतील, पैसा वाचेल."

"लावलेत की. त्याच धुबरीत 61 किलोमीटरच्या पट्ट्यात, 2019 च्या मार्चपासून. चांगलं काम आहे, वाढवायलाच पाहिजे. पण सेन्सर वाजल्यावर धुक्यात बोट काढायला माणूसच लागतो ना?" मग त्यांनी गेटाचं सांगितलं. तार झिरो लाइनपासून, म्हणजे खऱ्या सीमारेषेपासून, दीडशे यार्ड आत, म्हणून आपल्याच शेतकऱ्यांची जमीन तारेपलीकडं. सकाळी गेट उघडायचं, एकेकाचं ओळखपत्र जमा करायचं, कुणाबरोबर किती बैल गेले ते वहीत लिहायचं, संध्याकाळी सगळं परत जुळवायचं. रात्री तोच जवान नाक्यावर. "तिसऱ्या रात्री डोळे उघडे असतात, पण दिसत काही नाही."

कमी खर्चातलं मला पटलेलं काम पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातलं. 2023 मध्ये तिथं तारेवर मधमाश्यांच्या पेट्या टांगल्या. तार कापायला कुणी धक्का दिला की माश्या उठतात, आणि मधाचे पैसे गावाला मिळतात. मेजर म्हणाले, गावकरी आपल्या बाजूला आला की रात्री कोण कुठून सरकलं ते आपणहून येऊन सांगतो.

"आणि जे आत आलेत त्यांचं काय?" बापू हटेनात.

आता मास्तर तापले. "आसामात नागरिकांची यादी केली. पन्नास हजारांच्या आसपास कर्मचारी राबले, दीड हजार कोटींच्या वर खर्च झाला. 2019 च्या ऑगस्टअखेर 19 लाख लोक यादीबाहेर राहिले. नाव का नाकारलं त्याची चिठ्ठी वर्षानुवर्षं हातात नाही, मग अपील कशावर करायचं? साधी चिठ्ठी द्यायची सोय न करता एवढा पैसा ओतला!"

"सोडून द्यायचं म्हणता?"

"नाही बापू. शोधा, पण नीट तपासून. 2025 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या मजुरांना बांगलादेशात ढकललं आणि नंतर ते आपलेच निघाले म्हणून परत आणलं. बंगाली बोलतो एवढ्यावरून माणूस परका ठरवायचा? त्या बिचाऱ्यांचं जे झालं ते झालंच, वर दोनदा खर्च."

मला मास्तरांचं पटतं. पण पैसा हातात असेल तर मी आधी चौकीवर माणसं वाढवीन, जवानाला पाळीपाळीनं झोप मिळेल एवढी. सेन्सर त्यानंतर, आणि ते नदीच्या पट्ट्यात. नवी तार सगळ्यात शेवटी. आयटीवाल्याला हा क्रम मान्य नाही. त्याच्या मते पगार आणि पेन्शन जन्मभर द्यावं लागतं, कॅमेरा एकदाच घ्यायचा. मेजरांनी विचारलं, "पुरात वाहून गेला तर?"

बापू बराच वेळ गप्प होते. उठता उठता म्हणाले, "मेजर, सलग किती झोप मिळायची हो तुम्हाला?"

"चार तास मिळाले तर घरी पत्रात लिहायचो."